सहावा झीलकरी

१

साताऱ्यात पोवई नाक्यापासून जरा आत, एका पतसंस्थेच्या वरच्या मजल्यावर धैर्यशीलचं इअरफोनचं दुकान होतं. दुकान म्हटलेलं त्याला खपत नसे. तो 'श्रवणकक्ष' म्हणे. खालचा चहावाला 'बुचांचं दुकान' म्हणे, आणि खरं सांगायचं तर गावात तेच नाव चालत होतं.

गिऱ्हाईक आलं की धैर्यशील आधी त्याच्या खिशातून लोंबणाऱ्या वायरीकडे बघे आणि मग त्याच्याकडे. मग तीन प्रश्न. काय ऐकता? कुठं ऐकता? किती वेळ ऐकता? उत्तरं त्याला पाठ होती. 'सगळंच ऐकतो' म्हणणारा काहीच ऐकत नाही, हे त्याचं ठाम मत. बेस मागणाऱ्याचा त्याला विशेष तिटकारा. "ट्रॅक्टरवर बसून ऊस वाहायचा, आणि वर बेस पाहिजे. बुडाखाली इंजिन आहे की," असं तो तोंडावर बोले. तरी माणूस बघून माल देण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. गाणाऱ्याचा गळा जवळ हवा त्याला एक जोडी, ढोलाचा दणका हवा त्याला दुसरी, एकेक वाद्य सुटं करून ऐकायचं त्याला तिसरी. कानात बसणारं रबरसुद्धा तो स्वतः निवडून देई, कारण रबर सैल बसलं की निम्मं गाणं बाहेर सांडतं. हे त्याला कळत होतं. आपल्या एकट्यालाच कळतं, असाही त्याचा समज होता.

शेवटची परीक्षा ओवीची. ही ओवी त्यानं स्वतः माघात कवठे महांकाळच्या पलीकडच्या एका मेंढपाळ वस्तीवर जाऊन रेकॉर्ड केली होती. पाच जण अर्धगोलात उभे. म्हातारा ज्योतिबा ढोल वाजवत ओळ टाकी, आणि बाकीचे तिचा शेवट उचलून लांब ओढत. त्या ओढण्याला झील म्हणतात. गिऱ्हाइकानं डोळे मिटायचे आणि पाचातला कोण कुठं उभा आहे ते बोटानं दाखवायचं. ज्याला पाच दाखवता आले त्याला धैर्यशील खुर्ची देई. बाकीच्यांना तो उभ्याउभ्याच माल देऊन वाटेला लावी.

त्या अर्धगोलात मधोमध एक माणूस मावेल एवढी जागा मोकळी होती. दोघे डावीकडे, ज्योतिबा धरून तिघे उजवीकडे. माइकसाठी तीच जागा फर्मास, म्हणून धैर्यशीलनं स्टँड तिथं रोवला आणि कानात इअरफोन घट्ट बसवून स्वतःही तिथंच उभा राहिला. झील जरा उतरतेय असं त्याला वाटलं. मेंढरं राखणाऱ्यांना सूर कोण शिकवणार? "असं नाही, असं," म्हणत त्यानं त्या जागेवरूनच एकदा स्वतः झील देऊन दाखवली. कडेला बसलेली दगडाबाई नावाची म्हातारी उठून, हात हलवून काहीतरी ओरडली. कानात रबरं होती. त्याला वाटलं, म्हातारी दाद देतेय.

स्वतःचा तो तुकडा त्यानं नंतर कापून टाकला. उरली ती पाच माणसं.

२

श्रावणात त्यानं सिंगापूरहून एक जोडी मागवली. अशी जोडी साऱ्या सातारा-सांगलीत दुसरी नसेल, हे त्यानं ज्याला-त्याला सांगितलं. त्यातल्या बऱ्याच जणांनी विचारलंही नव्हतं.

दुपारी दुकान बंद करून तो आतल्या खोलीत बसला. भिंतींना गाद्या ठोकलेली ती खोली. रबरं कानात सरकली तसा नाक्यावरचा गोंगाट मिटला, आणि फक्त स्वतःचा श्वास मोठा झाला. त्यानं ओवी लावली. ढोल, कैताळाची किणकिण, ज्योतिबाचा खरबरीत गळा, मग झील. डावे दोन, उजवे दोन.

आणि मध्ये एक.

त्यानं मागं नेऊन पुन्हा लावली. ओळ संपायच्या आधी मधोमध कोणीतरी श्वास घेत होतं, आणि झील बाकीच्यांच्या पाठोपाठ, केसभर उशिरा उचलत होतं.

धैर्यशीलला भीती वाटली नाही. आनंद झाला. महागड्या जोडीचं हेच तर काम, जे होतं पण ऐकू येत नव्हतं ते दाखवायचं. दगडी भिंतीवरून परतलेला पडसाद असेल. किंवा मागं उभा राहिलेला कोणी हौशी. गळा मात्र भिकार होता. कोरडा, नाकातला, आणि स्वतःवर फार खूश असलेला. असल्या माणसाला ओवीत घेतला कुणी, असं त्याला वाटलं.

खुशीत त्यानं गॅलरीत येऊन खाली चहा सांगितला. चहावाल्यानं वर पाहिलंच नाही. दुसऱ्यांदा सांगितला, तिसऱ्यांदा ओरडला, तेव्हा तो म्हणाला, "सायेब, कवापास्नं हुबं हायसा? बोलायचं न्हाई व्हय?"

गणपतीच्या मिरवणुकांतल्या डीजेनं अख्खं गाव बहिरं केलंय, असं धैर्यशीलनं मनात नोंदवलं.

३

पुढच्या आठवड्यात वीरधवल नावाचा एक जवान आला. खंडाळ्याकडचा, तोफखान्यात नोकरीला, रजेवर घरी आलेला. त्याला रेल्वेत ऐकायला साधीशी जोडी हवी होती. धैर्यशीलनं साधीच दिली, "एक नंबर मोठं रबर घालून बघा" म्हणाला आणि सवयीनं ओवी लावली. वीरधवलनं डोळे मिटले आणि बोट फिरवायला सुरुवात केली. एक इकडे, दुसरा त्याच्या पलीकडे, मग उजवीकडचे तीन. पाच झाले. धैर्यशीलला जरा कौतुक वाटलं.

बोट मात्र थांबलं नाही. ते हळूच वळलं आणि वीरधवलच्या स्वतःच्या कपाळावर, दोन भुवयांच्या मध्ये टेकलं.

"आन् सावा हितं हाय सर."

"पाचच आहेत. नीट ऐका."

वीरधवलनं रबरं काढली. "काय म्हणालासा?"

"नीट ऐका म्हटलं!"

"आवाज बसलाय व्हय तुमचा? ओठ हलत्यात, पर कायबी येत न्हाई."

तोफांशेजारी आयुष्य काढलेला माणूस, त्याला काय ऐकू येणार. धैर्यशीलनं जोडी डब्यात घालून हातावर ठेवली. पण ही जोडी तर स्वस्तातली होती. सिंगापूरची जोडी जे दाखवते ते हिच्यात यायला नको होतं. तो गेल्यावर त्यानं कपाटातली एकेक जोडी काढून पाहिली. सगळ्यांत सहावा होता. आणि तो आता उशिरा येत नव्हता. बरोब्बर झीलवर येत होता.

घरी क्रांती भाकऱ्या करत होती. क्रांती त्याची बायको, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तिच्या एका कानात एसटी स्टँडवर घेतलेला पांढरा इअरफोन होता. त्याची दुसरी बाजू कधीच मेली होती. ही वायर बघितली की धैर्यशीलचं डोकं उठे. असल्या डबड्यात ती कसलीही गाणी ऐके, वर गुणगुणे. एकदा त्यानं तिला न विचारता तिच्या मोबाइलमधली चाळीस गाणी पुसून टाकली होती आणि त्यांच्या जागी आपली ओवी घातली होती. "वाईट ऐकून कान नासतात. भिकार असेल ते पुसून टाकावं," असं तेव्हा त्यानं सुनावलं होतं. क्रांतीनं ती ओवी कधी लावली नव्हती. गाढवाला गुळाची चव काय, हेही त्यानं तिच्या तोंडावर म्हणून घेतलं होतं.

"आमटीत मीठ कमी आहे," तो म्हणाला.

"काय?"

"मीठ!"

क्रांतीनं इअरफोन काढला. "अहो, मोठ्यानं बोला की. गेले काही दिवस नुसते पुटपुटताय. वर्गातली पहिलीची पोरं बरी तुमच्यापेक्षा."

४

दुकानात आवाज मोजायचं एक यंत्र होतं. सकाळी दार लोटून धैर्यशीलनं ते टेबलावर ठेवलं. रिकाम्या खोलीचा आकडा अडतीस. टेबलावर पेन पाडलं, आकडा साठाच्या वर गेला. टाळी वाजवली, ऐंशी.

मग तो बोलला. स्वतःचं नाव, गाव, दुकानाचा पत्ता. स्वतःच्या कानात त्याला ते स्वच्छ ऐकू येत होतं. आकडा एकेचाळीसवर गेला आणि खाली आला. तो ओरडला. पंचेचाळीस.

यंत्र चिनी आहे, असं त्यानं ठरवलं. घसा बसला असेल. माइकच्या जाळीत धूळ गेली असेल. कारणांना तोटा नव्हता, आणि प्रत्येक कारणात दोष दुसऱ्याचाच होता.

दुपारी शिवांजली आली. कऱ्हाडला इंजिनिअरिंग शिकणारी, उन्हाळ्यात एक जोडी नेलेली, हजरजबाबी मुलगी. तिला वाद्यं सुटी ऐकायची होती, म्हणजे तिसऱ्या प्रकारची जोडी. तिनं ओवी ऐकत बोटं दाखवली आणि एकदम हसायला लागली.

"सर, भारी केलंय हां हे! गाण्यात मध्येच तुमची जाहिरात."

धैर्यशीलनं भुवया उंचावल्या.

"तुम्हीच बोलताय की. 'एक नंबर मोठं रबर घालून बघा.' आणि मग परत झील."

त्यानं तिच्या कानातली जोडी जवळजवळ हिसकावून घेतली. ओळ संपली. मधोमध, अगदी त्याच्या कपाळामागं, तो कोरडा नाकातला गळा झील ओढून थांबला आणि म्हणाला, एक नंबर मोठं रबर घालून बघा. मग ढोल. मग पुढच्या ओळीनंतर, मीठ. मीठ! मग आपलं नाव, गाव, दुकानाचा पत्ता.

माणसाला स्वतःचा आवाज बाहेरून ओळखू येत नाही, हे तो गिऱ्हाइकांना नेहमी सांगे. दोनशे जोड्यांतला फरक डोळे मिटून सांगणाऱ्या या माणसानं स्वतःचाच गळा आठ-दहा दिवस ऐकला होता, आणि भिकार म्हणून त्याला नाकं मुरडली होती.

ओवी माघातली होती. मीठ परवाचं होतं.

शिवांजली खरेदी न करताच गेली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं होतं. जाताना तिनं दोनदा विचारलं, "सर, तुम्ही काही बोलताय का?"

धैर्यशील संतापला. घाबरला होता, पण ते त्याला संतापासारखं वाटलं. कोणीतरी त्याच्या ओवीची नासाडी केली होती. त्यानं ती दुकानातल्या प्लेअरमधून पुसली, लॅपटॉपमधून पुसली, रेकॉर्डरच्या कार्डातूनही पुसली. काम अर्धवट सोडायची त्याला सवय नव्हती.

पुसून झाल्यावर त्यानं यंत्रासमोर पुन्हा नाव सांगितलं. अडतीस. छाती दुखेपर्यंत ओरडला. अडतीस. बाहेर एक कावळा ओरडला आणि आकडा बावन्नवर गेला.

५

दुसऱ्या दिवशी क्रांती शाळेत गेल्यावर त्यानं गाडी काढली. कऱ्हाड, सांगली, मिरज मागं पडलं, ऊस संपला, रानं उघडी पडत गेली. कवठे महांकाळच्या पुढं कच्च्या वाटेला त्यानं गाडी घातली तेव्हा दुपार कलली होती.

ज्योतिबा सावलीत लोकर निवडत बसला होता. शेजारी दगडाबाई. धैर्यशील गाडीतून उतरून तावातावानं बोलायला लागला, हातवारे करायला लागला. दोघं त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. ज्योतिबाच्या नजरेत आश्चर्य नव्हतं.

"बसा सायेब," तो म्हणाला. "बोलू नगा. कळलं आमास्नी."

दगडाबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. "त्या दिशी मी वरडले की वो तुमास्नी. कितींदा वरडले. पर तुमच्या कानात बुचं हुती."

धैर्यशीलनं हातानंच विचारलं, का?

"ती जागा माज्या मालकाची. गेल्या दिवाळीत गेलं. आमच्या घरात माणूस गेला की वरीसभर त्याची जागा मोकळी ठिवायची. तितं हुबं ऱ्हायाचं न्हाई, आन् तितनं झील तर द्यायचीच न्हाई. तुमी हुबं ऱ्हायलासा. दिली बी."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. रान कोरडं पडलं असं सांगावं तसं ती सांगत होती.

"रोज दिस मावळताना त्यांची झील याची वो त्या तिकडनं. जेवन जात नव्हतं मला. तुमी येऊन गेलासा आन् थांबली. सुटलं बिचारं." तिनं पदर डोळ्याला लावला आणि धैर्यशीलकडे बघून, अगदी मनापासून, हात जोडले.

त्याला ते हात झटकून टाकावेसे वाटले. अडाणी माणसं, अडाणी समजुती. पण त्याला ते बोलून दाखवताही येत नव्हतं. त्यानं मोबाइल काढून पुसल्याची खूण केली, बोट आडवं फिरवून. सगळं पुसलं.

ज्योतिबाच्या हातातली लोकर थांबली.

"पुसलंसा? आवं, काय केलंसा ह्ये? हितला आवाज सरत निगाला तरी तितं तर हुतासा. तितलंबी पुसलं तर ऱ्हानार कुटं? आन् आवाजावर थांबत न्हाई ते." त्यानं आवाज खाली आणला. "कुनाकडं असंल बघा. एक जरी असंल तरी जपा."

धैर्यशील ताडकन उठला. एक होती. एसटी स्टँडवरच्या वायरीच्या मागं, चाळीस गाण्यांच्या जागेवर.

त्यानं तिथंच उभ्यानं क्रांतीला मेसेज टाकला: ती ओवी पुसू नकोस. एक खूण उमटली. दुसरी काही केल्या उमटेना. मिरजेत गाडी थांबवून त्यानं पुन्हा पाठवला, कऱ्हाडला पुन्हा. प्रत्येकापुढं एकच खूण होती.

६

तो घरी पोचला तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. कुकरची शिट्टी होत होती. क्रांती ओट्याला टेकून उभी होती, एका कानात पांढरी वायर, हातात मोबाइल. त्याला बघून तिनं मान हलवली.

"आलात? होतात कुठं दिवसभर? फोन करावा म्हटलं तर तुम्ही बोलतच नाही. आणि या मोबाइलला काय झालंय बघा, पार भरलाय. शाळेतल्या बाईंनी सकाळपासून काय काय पाठवलंय, एकही मेसेज उतरत नाही. जागाच नाही म्हणतोय. काय काय पुसता येईल ते बघत बसलेय."

धैर्यशील दारातच थांबला. चार पावलांचं अंतर होतं.

"ही तुमची ओवी निघाली. म्हटलं पुसायच्या आधी एकदा ऐकावी तरी." ती हसली. वर्षानुवर्षांत तिनं त्याच्या आवडीचं काही ऐकलं नव्हतं. "म्हातारा काय गातो हो! अंगावर काटा आला. पण मध्ये तो एक कोण घेतलाय? नाकात गातो. सगळ्यांची झील खराब करतोय मेला."

त्यानं मान हलवली, हात हलवले. ती पडद्याकडे बघत होती.

"लयच मोठं आहे हे. हे एक काढलं की बाकी सगळं बसेल." तिचा अंगठा खाली आला आणि पडद्याच्या वर थांबला. रीत म्हणून तिनं विचारलं, "पुसू ना? तुम्हीच म्हणता, वाईट ऐकून कान नासतात."

"नको!" धैर्यशील ओरडला. आयुष्यात कधी ओरडला नव्हता एवढ्या जोरानं ओरडला. "क्रांती, नको!"

स्वयंपाकघर तसंच राहिलं. कुकर फुसफुसत होता. फक्त क्रांती दचकली आणि वायरीवर हात नेत तिनं तोंड वाकडं केलं.

"शी! बघा, परत केकाटला," ती म्हणाली, आणि अंगठा दाबला.

मोबाइल क्षणभर गप्प राहिला. मग अडकलेले मेसेज एकापाठोपाठ एक वाजत उतरले. शाळेचे, बाईंचे, आणि त्यांत तीन एकसारखे. क्रांतीनं ते वाचले. कपाळाला आठ्या घालून पुन्हा वाचले. मग तिनं दाराकडे पाहिलं, बराच वेळ, अंधारात काही दिसतंय का ते बघावं तसं.

मग कानातली वायर काढून तिनं ती गुंडाळून ठेवली आणि वाढायला घेतलं. मांडणीवरून दोन ताटं काढली. दुसऱ्या ताटाकडे थोडा वेळ बघत उभी राहिली, आणि का कोण जाणे, पुसून ते परत जागेवर ठेवून दिलं.